बंद घराची टाकी

लाइट आता लवकर येत नाही. वारा सुटला की लाइनीवर कुठंतरी फांदी पडते, आणि मग लाइनमन चहापाणी करून सावकाश निघतो. बसा. दिवा इकडे सरकवतो. तुम्ही आमचं मैला केंद्र पाहायला एवढ्या लांबून आलात, तिथलं सगळं दाखवून झालं. आता या घराबद्दल विचारलंत, तर तेही सांगतो. आपणहून आम्ही हा विषय काढत नाही.

मी नगरपंचायतीच्या मैलागाडीवर ड्रायव्हर. त्याआधी वणीला कोळशाचे ट्रक चालवले. खोकला सुटेना म्हणून ते काम सोडलं आणि इकडं राळेगावच्या बाजूला लागलो. घरामागच्या संडासाच्या टाकीत पाइप सोडायचा, पंप लावून गाळ ओढायचा आणि माळावरच्या केंद्रावर नेऊन रिता करायचा, एवढंच माझं काम. तिथं वाफ्यांवर गाळ वाळतो, खालून झिरपलेलं पाणी साफ होऊन कडुनिंबाच्या रोपांना जातं. वाफ्यांवर टमाट्याची झाडं आपोआप उगवतात. कशी उगवतात ते तुमच्या लक्षात आलं असेल. टमाटे टपोरे असतात, पण अजून कोणी मागितले नाहीत. गावात आमच्या गाडीला 'अत्तराची गाडी' म्हणतात.

पाइप धरायला माझ्यासोबत धावजीकाका असतात. तांड्यावरचा म्हातारा माणूस, अंगानं काटक, आणि भुताखेतांवर पुरा भरवसा. गाडीच्या तोंडाला लिंबू-मिरची त्यांनीच बांधली. मी विचारलं, काका, या गाडीला नजर कोण लावणार? तर म्हणाले, नजरेसाठी नाही बांधली, भूत वासावर येतं म्हणून बांधली. आमच्या घरी भूत मानत नाहीत. बाबांनी लहानपणीच ते सगळं आमच्या डोक्यातून काढून टाकलं होतं. मीही मानत नाही. पण मानत नाही म्हणून भीती वाटायची थांबते, असं काही नसतं.

मागच्या उन्हाळ्यात नगरपंचायतीच्या साहेबांनी नवी पद्धत काढली. टाकी भरून गल्लीत वाहायची वाट पाहायची नाही, पाळीपाळीनं प्रत्येक घराची उपसायची. कोणी बोलावो, न बोलावो, एकही घर सोडायचं नाही. असे करत करत आम्ही जिनिंगच्या मागच्या गल्लीत आलो. मे महिन्यातली दुपार. आमच्याकडची मेची दुपार तुम्हाला माहीत असेल. रस्त्यावर कुत्रं नसतं. दारं लोटलेली, कूलरची घरघर तेवढी भिंतींतून ऐकू येते. अशा दुपारी रात्रीपेक्षा जास्त एकटं वाटतं. सावलीसुद्धा पायाखाली दबून बसलेली असते.

गल्लीच्या टोकाला हे घर होतं. दाराला कुलूप, कुलपावर गंज, अंगणात गुडघाभर वाळलेलं गवत. धावजीकाका म्हणाले, हे सोड, कौसल्याबाईचं घर हाय, ते लॉकडाऊनच्या आधीपासून बंद हाय. बाई वारल्या, मुलगा अमर नागपूरला नोकरीला. त्यानं लाइट कापून घेतली, नळ कापून घेतला आणि कुलूप लावून गेला. मी म्हटलं, टाकी कोरडीच असेल, झाकण उघडून पाहू आणि पुढं जाऊ. साहेबांनी विचारलं तर पाहिलं म्हणता येईल.

घराला वळसा घालून मागं गेलो. काकांनी सब्बल घातली आणि झाकण बाजूला केलं.

टाकी काठोकाठ भरलेली होती.

आम्ही दोघं नुसते पाहत राहिलो. कुठंतरी होला घुमत होता, तोही थांबला. गाळ जुना असला की वाळून त्यावर साय धरते. हा गाळ ताजा होता. या कामात नाक सरावतं, पण वय ओळखायला विसरत नाही.

"काका... घर बंद हाय ना?"

"बंद हाय."

"मंग हे?"

काकांनी सब्बल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाईले सवय होती. सवय जात नाई."

इथं कौसल्याबाई कोण ते सांगायला पाहिजे. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण गावात ज्याला विचाराल तो सांगेल. हागणदारीमुक्तीचा काळ आठवतो ना? पहाटे नाल्याकडं जाणाऱ्यांना पकडायला पथकं निघायची. इथल्या पथकाच्या पुढं कौसल्याबाई. गळ्यात शिट्टी, हातात टॉर्च. झुडपामागं कोणी बसलेला दिसला की आधी टॉर्च पडायचा, मग शिट्टी वाजायची, आणि मग बाई त्याचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्यायच्या. गावातल्या अर्ध्याअधिक पुरुषांनी ती शिट्टी ऐकलेली आहे. स्वतःच्या घरात पहिला पक्का संडास बांधला तो त्यांनीच. पाहुणा आला की पाण्याआधी संडास दाखवायच्या म्हणे.

मी मन घट्ट केलं. टाकी भरलेली आहे तर उपसायची, कोणी भरली ते पाहणं आपलं काम नाही. पंप लावला. त्याच्या आवाजानं जरा धीर आला. टाकी तळाला गेली, पंप बंद केला, आणि एकदम सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत भिंतीच्या बाजूनं, जमिनीखालून, गुळगुळ आवाज आला. आवाज जवळ येत गेला. मग आमच्या डोळ्यांदेखत रिकाम्या टाकीत पाणी पडलं. स्वच्छ पाणी, त्याला साबणाचा वास. आत्ताच कोणीतरी वापरलेलं.

काका माझ्याआधी गाडीत होते. मी गियर कसा टाकला आठवत नाही. कोळशाच्या खाणीत उताराला ब्रेक निकामी झालेला ट्रक मी सांभाळला आहे, पण त्या दिवशी मागचा पाइप गुंडाळायचा राहिला आणि व्हॉल्व्हही उघडा राहिला. गल्लीच्या या टोकापासून हमरस्त्यापर्यंत, भरलेली गाडी, मागं फरफटणारा पाइप. गल्लीतल्या लोटलेल्या सगळ्या दारांतून माणसं बाहेर आली आणि लगेच आत गेली.

साहेबांनी मला उभं केलं. कारण काय म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. साहेब भले माणूस, ओरडले नाहीत, पण म्हणाले की वरच्या ऑफिसला भूत हे कारण कळवता येत नाही, तेव्हा पाइप तुटला असं म्हणू, आणि पुन्हा असं झालं तर दुसरा ड्रायव्हर पाहू. गल्ली धुवायला पाण्याचे टँकर लागले. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. कौसल्याबाई परत आल्या. त्याचा एक फायदा झाला. जे अजूनही चोरून नाल्याकडं जायचे, ते सगळे घरच्या संडासात जाऊ लागले. जाहिरातींनी झालं नव्हतं ते एका दुपारीत झालं.

गल्लीत सगळ्यात जास्त बोलायचे ते पंजाबराव. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. सोयाबीन-तुरीची शेती, डोक्यावर कायम पांढरी टोपी, वजनदार माणूस. ते पारावर बसून सांगायचे की त्या घराकडं कोणी फिरकू नये, झाकणाला तर हातच लावू नये. अमरनं घर विकायला काढलं होतं, आलेलं गिऱ्हाईक तेवढ्यानं पळालं.

आता आमचं सांगतो. तेव्हा मी आणि माझी बायको दीपा केंद्रावरच्या वॉचमनच्या खोलीत राहत होतो. पत्र्याची खोली, एका बाजूला वाफे, दुसऱ्या बाजूला माळ. दीपाला दिवस गेलेले. पोळ्याच्या सुमाराला बाळ येणार आणि त्याआधी पावसाळा. गावात खोली शोधायला आम्ही फिरफिर फिरलो. आधी लोक बसवायचे, पाणी द्यायचे. काम काय करता विचारलं आणि मी सांगितलं की मग खोली कालच दिलेली निघायची. कोणी म्हणे गाडीचा वास येईल. मी म्हणायचो, गाडी केंद्रावर राहते, घरी आणत नाही. तर म्हणे, तुमचं काही नाही हो, आमच्याकडं पाहुणे येतात. आडनावही विचारून घ्यायचे, तेही भाडं सांगायच्या आधी.

दीपानं भुताची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. हसली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तेच घर घेऊ."

मला वाटलं तिला उन्हाचा त्रास होतोय.

"भूत तरी विचारणार नाही, तुमी काय काम करता म्हणून," ती म्हणाली.

तिनंच अमरला फोन लावला. तो बिचारा कोणी घरात दिवा लावेल का म्हणून वाटच पाहत होता. म्हणाला, राहा, घर झाडून-पुसून ठेवा, एवढंच पुष्कळ. सासूबाईंनी फोनवर रडून घेतलं, पोटुशी बाई आणि भुताचं घर म्हणजे काय म्हणावं. दीपानं त्यांना सांगितलं की पत्र्याच्या खोलीत साप निघतो, भूत निदान चावत नाही.

मृगाच्या आधी आम्ही इथं आलो. घर पाहताय ना, हवेशीर आहे. पण पहिले काही दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. संडासात बसलं की खालून तो गुळगुळ आवाज यायचा. आपण काही केलेलं नसताना खालून पाणी जातंय... एकदा ऐकलं आणि अर्ध्यातून उठलो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सायकल काढून केंद्रावर जायला लागलो. दीपानं विचारलं, एवढ्या सकाळी ड्यूटी? मी म्हटलं, पंपाला तेल द्यायचं असतं.

दीपा मात्र लक्ष ठेवून होती. तिचं म्हणणं, भुताची वेळ फार बांधलेली आहे. पहाटे एकापाठोपाठ एक पाच-सहादा, मग सामसूम, दुपारी जेवणानंतर एखाददोनदा, संध्याकाळी पुन्हा. एक दिवस तर सकाळपासून आवाज थांबलाच नाही. मी घाबरून अंगणात येऊन बसलो. त्या दिवशी शेजारी पंजाबरावांच्या मुलीचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा, मांडव भरलेला होता.

"भुताकडं पाहुणे आलेले दिसते," दीपा म्हणाली, आणि भिंतीकडं पाहत राहिली.

दोन दिवसांनी ती पंजाबरावांच्या घरी विरजण मागायला गेली. पदराखाली निळीची बाटली. त्यांच्या घरच्या बाईंशी चार गोष्टी केल्या आणि मग चेहरा बारीक करून म्हणाली की आमच्या संडासात जायची मला भीती वाटते, तुमच्याकडं जाऊन येऊ का? पोटुशी बाईला नाही कोण म्हणणार? आणि नाही म्हणायला तोंड कुठं होतं, भुताची गोष्ट त्यांच्याच घरातून गावभर गेलेली. दीपा आत गेली, बाटली पूर्ण ओतली आणि वरून दोन बादल्या पाणी.

मी इकडे टाकीचं झाकण उघडून बसलो होतो. त्याच वेळी धावजीकाका ऊद घेऊन आले. त्यांनी रविवारी येऊन घराला धूप द्यायचं ठरवलं होतं आणि मी त्यांना निळीचं सांगायचं विसरलो. काका टाकीच्या काठावर बसले, निखाऱ्यावर ऊद टाकला, डोळे मिटून काही पुटपुटायला लागले. धूर टाकीवर पसरला. खालून गुळगुळ आवाज आला. काकांनी डोळे उघडले.

धुराखाली टाकीत निळंशार पाणी पडत होतं.

"भीमराज," काका अगदी हळू म्हणाले, "हे माणसाचं नोहे." आणि उठून चालायला लागले. पळाले नाहीत, एवढं मी म्हणेन. पण त्यांनी उदाचं भांडं इथं सोडलं आणि चपलाही. तांड्यावरून दुसऱ्या दिवशी नातू येऊन घेऊन गेला.

संध्याकाळी आम्ही दोघं पंजाबरावांकडं गेलो. मला वाटलं होतं ते अंगावर येतील. दीपानं निळीची रिकामी बाटली त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली, तसे ते खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते खूप म्हातारे दिसतात.

"दगड लागला," ते म्हणाले. "खड्डा खंदला तं कमरेएवढ्यावर काळा पाषाण. सुरुंग लावाव तं भित्ती पडते. मंग पाइप तिकडं फिरवला."

दीपा म्हणाली, "विचारून फिरवाचा. अमरभाऊले एक फोन कराचा."

"विचारलं ना. बाईले विचारलं."

"कोणत्या बाईले?"

"कौसल्याबाईले." ते आमच्याकडं न पाहता बोलत होते. "दुपारचं मी डबा घेऊन नाल्याकडं निघालतो. बाई भिताडापाशी उभी. म्हणे, पंजाबराव, या वयात उघड्यावर जाता, त्यापरीस माह्या टाकीत सोडा. म्या म्हटलं, हो बाई."

"संडास कधी बांधला तुमी?"

"दोन सालं झाले."

 आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"बाई तं त्याच्या कितीतरी आधी..." मी म्हणालो.

"मले मालूम हाय. मीच तं खांदा देल्ता." त्यांनी टोपी उचलली, पुन्हा ठेवली. "म्हणूनच नाई म्हणता आलं नाई. जित्या बाईशी भांडता येते."

घरी येताना दीपा म्हणाली, साफ खोटं बोलतात. साक्षीला मेलेलं माणूस बरं पडतं, उलटतपासणी होत नाही. मला तिचं म्हणणं पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पण आम्ही निघालो तरी त्यांनी टोपी डोक्यावर घातली नव्हती, ते मी पाहिलं होतं.

पुढं सगळं बरं झालं. पंजाबरावांनी यवतमाळहून दगड फोडायचं मशीन आणलं आणि पाऊस धरायच्या आत स्वतःची टाकी बांधली. आम्ही गावात चकार शब्द काढला नाही, म्हणून त्यांनी आम्हाला तुरीचं अर्धं पोतं पाठवलं. जुना पाइप मी माझ्या हातानं कापला, आत विटा कोंबल्या आणि सिमेंट भरलं. साहेब खूश, एक टाकी वाढली. टाकीतला आवाज थांबला. मी सायकलीवरून केंद्रावर जायचं सोडलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलगी झाली. ही आत झोपली आहे तीच. गल्लीतल्या बायका बाळंतविडा घेऊन आल्या, इथं बसल्या, चहा प्याल्या. ज्यांनी खोली काल दिली म्हणून सांगितलं होतं, त्यांतल्याही दोघी होत्या. अमर म्हणतो, आता घर विकत नाही, तुम्हीच राहा.

मग दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला. एका दुपारी मी जेवायला घरी आलो. संडासाकडं गेलो तर दाराला आतून कडी. दीपा असेल म्हणून बाहेर दगडावर बसलो. ऊन अंगाला बरं वाटत होतं. बराच वेळ झाला. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? आतून कोणी बोललं नाही. एवढ्यात फाटक वाजलं आणि दीपा बाळाला कडेवर घेऊन गल्लीतून आत आली. दवाखान्यात डोस पाजायला गेली होती.

ती माझ्याकडं पाहायला लागली, मी दाराकडं.  माझ्या मनात आलं, चोर असेल, मांजर असेल, कडी आपोआप पडली असेल. मी उठलो आणि दाराकडं दोन पावलं टाकली.

आतून कोणीतरी खाकरलं.

आपण आत असलो आणि बाहेर पावलं वाजली, की आपण कसे खाकरतो, तसंच. मोठ्यानं नाही, रागानं नाही. आत माणूस आहे, एवढं कळावं म्हणून.

दीपा भूत मानत नाही. तेव्हाही मानत नव्हती, आजही मानत नाही. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझी बाही धरली आणि मला ओट्याकडं ओढत अगदी हळू म्हणाली, "इकडं या. असं दारापाशी उभं राहू नये. बाईमाणूस हाय आत."

तर असं आहे. आता कधीमधीच होतं, आणि आम्हाला थांबायची सवय झाली आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा, दिवा घेऊन जा, अंगण ओलं आहे. फक्त दाराला हात लावायच्या आधी बाहेरून एकदा खाकरा. उत्तर आलं, तर या परत. तोवर दीपा चहा टाकते.